खाजा मिया गादीवाल्याचे बेचाळीस किलोमीटर

आखाडा बाळापुरात खाजा मियांचे धंदे दोन. एक गाद्या भरण्याचा, जो आजोबांपासून चालत आला. दुसरा काळजी करण्याचा, जो त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला. लोक फोमच्या गाद्या घ्यायला लागल्यापासून पहिल्या धंद्यात मंदी आहे, पण दुसऱ्याला आजवर एक दिवस सुट्टी पडलेली नाही. पाऊस लांबला की त्यांना कापसाची काळजी, पडला की दुकानाच्या पत्र्यांची. बायको मदीनाबी माहेराहून उशिरा आली तर एसटी पलटी झाली असेल, आणि वेळेवर आली तर माहेरी काहीतरी बिनसलं असेल. घराघरांत एखादं माणूस असं असतंच. फरक एवढाच, की सप्टेंबरमधल्या त्या रविवारी खाजा मियांच्या काळजीला खरोखरच कारण होतं.

त्यांची एकुलती एक लेक समरीन जर्मनीत, बर्लिन शहरात, मॅरेथॉन पळणार होती. बेचाळीस किलोमीटर.

"बेचाळीस म्हंजे किती?" आठवड्यापूर्वी लेकीचा फोन ठेवल्यावर त्यांनी मदीनाबीला विचारलं होतं. (घरात बोलणं दखनी उर्दूतच चालतं. इथे ते वाचणाऱ्यांच्या सोयीनं मराठीत घेतलंय.)

"इथून हिंगोली," मदीनाबी म्हणाली. "अन् वर थोडं."

खाजा मियांनी मनातल्या मनात तो रस्ता बघितला. मधलं कळमनुरी बघितलं. एसटीत बसून गेलं तरी ज्या रस्त्यानं कंबर धरते, तो रस्ता लेकीनं पळायचा. तेही कोणी मागं लागलेलं नसताना. त्या दिवशी त्यांनी भाकरी मोडली आणि तशीच ठेवून दिली.

दुसऱ्या कुणाची लेक असती तर बापानं गावभर पेढे वाटले असते. पण समरीनला लहानपणापासून दमा. आणि तो दमा कुठून आला, हे खाजा मियांना ठाऊक होतं. निदान त्यांची तशी खात्री होती.

कापूस पिंजायचं मशीन चालू झालं की दुकानात बारीक धूळ उडते. ती पापण्यांवर बसते, मिशीवर बसते, मागच्या खोलीतल्या भाकरीवरसुद्धा बसते. दुकानामागेच घर, आणि घरात ते लेकरू. चौथ्या वर्षी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. श्वास आत जाताना नाही, बाहेर येताना, अगदी शेवटी. खाजा मिया तिच्या छातीला कान लावून बसायचे आणि त्या आवाजाची वाट बघायचे. आवाज आला की तिला उचलून मांडीवर बसतं करायचे. मग नांदेडचा डॉक्टर झाला. त्यानं लेकराला तपासायच्या आधी बापाच्या केसांतल्या कापसाकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?"

"गाद्या भरतो साहेब."

"हिला धुळीपासून लांब ठेवा," एवढंच डॉक्टर म्हणाला. त्यानं दोष दिला नाही, आवाज चढवला नाही. पण खाजा मियांना जे ऐकायचं ते ऐकू आलं होतं. आपल्या कापसानं आपल्या लेकीची छाती भरली. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. मदीनाबीलाही नाही.

समरीनला शिरड शहापूरला नानीकडे ठेवलं. खाजा मिया भेटायला जायचे ते आंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून. तरीही अंगणात लांब बसायचे. लेक बिलगायला धावली की ओरडायचे, "पळू नको!" तिच्या शाळेत जाऊन सरांनाही सांगून आले, हिला पळवायचं नाही. त्यामुळे शाळेत शर्यती लागल्या की बाकीच्या पोरी पळायच्या आणि समरीन त्यांच्या चपला राखत उभी राहायची. तिची तक्रार नव्हती. निदान बापाच्या कानावर कधी आली नाही.

पोरगी मोठी झाली, नर्सिंग शिकली, पुण्यात राहून जर्मन भाषा शिकली आणि बर्लिनच्या एका दवाखान्यात लागली. तिथे थंडीत दमा वाढेल म्हणून खाजा मियांनी दोन हिवाळे काढले ते स्वतःच कुडकुडत. आणि ही बया तिकडे खिशात दम्याचा पंप ठेवून बागेत पळायला लागली होती! आईला ठाऊक होतं. बापाला शेवटच्या आठवड्यात सांगितलं.

"अब्बा, नको म्हणू नका," ती फोनवर म्हणाली होती.

खाजा मिया नको म्हणाले नाहीत. पळ असंही म्हणाले नाहीत. काहीतरी आपल्या हातात असावं म्हणून त्यांनी एक अट घातली. "पाणी बसून प्यायचं. उजव्या हातानं, तीन घोटात, बिस्मिल्ला म्हणून. माझ्या गळ्याची शपथ."

पाणी बसून प्यावं हा त्यांच्या घरचा रिवाज. वाडवडील तेच सांगत आलेले. त्यात समरीन लहानपणी एकदा उभ्यानं घटाघटा पाणी पिताना ठसका लागून निळी पडली होती, तेव्हापासून खाजा मियांनी तो रिवाज फौजदारासारखा पाळून घेतला होता. समरीन हसली आणि म्हणाली, "बरं अब्बा. बसून."

रविवारी दुपारची, जोहरची नमाज उरकून ते दुकानात आले तेव्हा बर्लिनमध्ये सकाळ होती. समरीननं पळता पळता आपण कुठे आहोत ते आईच्या मोबाईलवर दिसेल असं करून ठेवलं होतं. नकाशावर एक निळा ठिपका. मदीनाबीनं मोबाईल शिलाई मशीनला टेकवून ठेवला, आणि नवराबायको ठिपक्यासमोर बसले.

तेवढ्यात संतराम आला. जवळच्याच गावचा हळदीचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना दोस्त. नातवासाठी, रुद्रसाठी, छोटी गादी सांगितली होती ती न्यायला आला होता.

"झाली का गादी?"

"न्हाई," खाजा मिया ठिपक्यावरची नजर न काढता म्हणाले. "समरीन पळून राहिली."

संतराम उंबऱ्यातच थबकला. "आरं देवा, कोणासंगं?"

मदीनाबीला एवढ्या ताणातही हसू आवरेना. तिनं सगळं समजावून सांगितलं. संतरामनं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि कापसाच्या गाठोड्यावर बसकण मारली. "पर काहून? कोणी मागं लागलं न्हाई, गाडी चुकली न्हाई, मंग काहून पळायचं माणसानं?" दोघं मिळून ठिपक्याकडे बघू लागले.

ठिपका सरकत होता. खाजा मियांना बर्लिनचे रस्ते काय कळणार? ते आपल्या हिशोबानं बघत होते. आता बाळापूर सुटलं. आता कळमनुरीच्या वाटेला लागली. आणि अचानक ठिपका थांबला.

"थांबली!" खाजा मिया उठून उभे राहिले. "पंप काढला असंल. बघ, मी म्हणलो होतो…"

ठिपका हलला. ते बसले. थोड्या वेळानं पुन्हा थांबला, ते पुन्हा उठले. असं तीन-चारदा झाल्यावर मदीनाबी वैतागली. "अहो समरीनचे अब्बा, पाणी पिऊन राहिली ती. बसून. तुमीच शपथ घातली ना?"

खाजा मियांना बरं वाटलं. एवढ्या लांब, एवढ्या परक्या माणसांत लेक आपली शपथ पाळतेय. संतरामनंही मान डोलावली, "लेकरू गुणाचं हाय." मग ठिपका थांबला की खाजा मिया म्हणायचे, "पाणी," आणि हलला की म्हणायचे, "चालली." पण थांबणं दर वेळी लांबत चाललं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं. काळजी करणाऱ्या माणसाच्या लक्षात असलं काही आलं नाही असं होत नाही.

त्यांच्या हिशोबानं कळमनुरी मागे पडलं, हिंगोली अजून लांब होती, तिथे ठिपका थांबला तो थांबलाच.

"पाणी," खाजा मिया म्हणाले. संतरामनं चहा सांगितला होता, तो आला, त्यावर साय धरली. ठिपका जागचा हलेना. मदीनाबीनं मोबाईल उचलून हलवून बघितला. खाजा मियांना रस्त्याच्या कडेला पडलेली लेक दिसत होती. भोवती उंच उंच गोरी माणसं, आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की हिला पाठीवर झोपवायचं नसतं, बसतं करायचं असतं. हे सांगणार कोण? आणि आपण तरी कोणत्या तोंडानं सांगणार? छातीत जे साचलंय ते आपणच भरलेलं. "माझ्यामुळं," ते पुटपुटले.

"काय?" मदीनाबीनं विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. समरीनचाच. खाजा मियांनी तो बायकोच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला.

"अब्बा," समरीन रडत होती. "मला उठताच येईना."

"पंप घे! पंप कुठंय?"

"हाय जवळ. पंप नको. छातीत काय न्हाई अब्बा, पाय धरलेत. पाणी प्यायला बसले अन्…"

"खोटं बोलू नको. दम लागलाय तुला."

"पळून राहिले अब्बा, दम लागंलच ना!"

खाजा मियांचा विश्वास बसेना. लेकरं आईबापाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतात, हे त्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतः लेकीशी तसंच बोलत आले होते. "फोन छातीला लाव," ते म्हणाले.

"अब्बा, इथं रस्त्यात? लोक बघून राहिलेत."

"बघू दे. लाव."

मदीनाबीनं पंखा बंद केला. संतराम उठून दाराशी गेला आणि गिऱ्हाईक येत होतं त्याला हातानंच परतवलं. खाजा मियांनी डोळे मिटले आणि मोबाईल कानाला घट्ट दाबला.

आधी नुसता गलका. ढोल वाजत होते, टाळ्या पडत होत्या. मग कापड घासल्याचा आवाज. मग गलका दूर गेला आणि धडधड ऐकू आली. जोरात, पण सरळ. श्वास आत गेला. खाजा मिया थांबले. श्वास बाहेर यायला लागला, आला, आणि अगदी शेवटच्या टोकापर्यंत त्यांनी कानात प्राण आणून वाट बघितली. शिट्टी आली नाही. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दमलेला, घामाघूम झालेला, पण धुतल्यासारखा स्वच्छ श्वास. त्यांनी आणखी एकदा ऐकला. मग आणखी एकदा, आता काळजीपोटी नाही, नुसता ऐकावासा वाटला म्हणून.

"अब्बा? काय येतो आवाज?"

"काहीच न्हाई," खाजा मिया कसेबसे म्हणाले. "काहीच आवाज न्हाई बेटा. साफ हाय."

"मी बोलले होते ना. पण अब्बा, बसलं की पाय लोखंडासारखे होतेत. सगळे उभ्यानं पाणी पिऊन पुढं जातेत, मी एकटीच बसते. आता पुढं अजून पाणी लागंल, अन् मी पुन्हा बसले तर उठणार न्हाई. सोडून देऊ का?"

तेव्हा कुठे खाजा मियांच्या डोक्यात उजेड पडला. दमा नव्हे, धूळ नव्हे. लेकीला रस्त्यात बसवलं होतं ते त्यांच्या शपथेनं. आजवर तिला थांबवायला त्यांनी काय काय केलं होतं, आणि इतक्या लांबूनही जमवलंच होतं. 'सोडून दे' हे शब्द त्यांच्या जिभेवर तयारच होते. ती घरी जाईल, गरम पाणी घेईल, झोपेल. आपणही जेवू.

"शपथ मी परत घेतली," ते म्हणाले. "इथून पुढं उभ्यानं पी. पळत पी. वर कोणी जाब इचारला तर माझं नाव सांग, मी देईन. कोणाचा तरी हात धर अन् उठ."

"अब्बा…"

"उठ म्हणतो ना! पळ बेटा."

फोन चालूच राहिला. समरीन कुणाशी तरी त्यांच्या भाषेत बोलली. एका पुरुषाचा आवाज आला, मग समरीन कळवळून ओरडली, मग काही लोक हसले आणि टाळ्या वाजल्या. मग फोन बंद झाला. तिघंही ठिपक्याकडे बघत राहिले. तो हलला तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडला तो संतराम.

ती पोचली. लंगडत, शेवटी शेवटी चालत, पण पोचली. तोवर उन्हं कलली होती, असरची नमाज झाली होती. मदीनाबीच्या मोबाईलवर फोटो आला. गळ्यात पदक, चेहरा लालबुंद, हातात पाण्याचा पेला आणि ती उभी. संतरामनं फोटो स्वतः तीनदा बघितला आणि उद्या गादी नेतो म्हणून निघाला. उद्याही झाली नाही तरी चालेल, रुद्र काय आजच पळणार नाही, असंही दारातून म्हणाला.

दुकानात नवराबायको उरले. मदीनाबीनं पंखा लावला.

"एवढं काय ऐकत होता?" तिनं विचारलं.

खाजा मियांनी मग सांगितलं. नांदेडचा डॉक्टर, त्याची केसांकडे गेलेली नजर, त्यानं विचारलेला धंदा. सगळं सांगितलं. "माझाच कापूस होता तिच्या छातीत. इतकी वर्सं तुला बोललो न्हाई. आज ऐकलं, मदीना. न्हाई राहिला."

मदीनाबीनं हात पुढे केला आणि त्यांच्या कानाशी चिकटलेला कापूस काढला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिसापासून. तुमाला सोसवलं नसतं, म्हणून म्या बी बोलले न्हाई."