अंधारातला ठेका

प्रताप नगरच्या सभागृहात आमच्या गानवृंदाचा ‘वीज वाचवा’ कार्यक्रम होता. शेवटचं गाणं पूर्ण अंधारात गायचं होतं. तालमीत दिव्यांची बटणं सांभाळणारे काका विंगेत उभे राहून पायानं ठेका धरायचे. मी खेकसले, "काका, पाय आवरा!" त्यांनी मुकाट्यानं आवरला.

कार्यक्रमात काकांनी दिवे मालवले. तालमीत उजेडात दिसणारा, ताल देणारा गुरुजींचा हात आता दिसेना आणि दुसऱ्याच कडव्याला आम्ही विस्कटलो. तेवढ्यात विंगेतून फळीवर संथ ठक्‌ ठक्‌ आलं. त्या ठेक्यावर आम्ही सगळे पुन्हा समेवर आलो. वीस वर्षं गाते मी. लयीला इतका पक्का माणूस पाहिला नव्हता.

नंतर माफी मागायला गेले, तर काकाच ओशाळले. "माहा बाप उमरेडले हातमाग चालवे, ताई. लाइट गेली तरी मागाच्या पट्टीवरचा त्याचा पाय नाही थांबे, त्या ठेक्यावरच मी वाढलो. अंधारात हा पाय मले आवरतच नाही."