शहादा ते प्रकाशा, लांबच्या वाटेनं

शहाद्याहून प्रकाशा गाव गाठायला मोटारीनं अर्धा तासही लागत नाही. आम्हा नवरा-बायकोला दोन दिवस लागले. नाक समोर असताना आम्ही मानेमागून हात नेला. आधी दक्षिणेला सारंगखेडा, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी तापीच्या काठाकाठानं, खेड्यापाड्यांतून प्रकाशा. कारण सरळ रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि ट्रक, आम्ही सायकलींवर, आणि माझी बायको साठीला टेकलेली, एका गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेली.

वाट मी आखली होती. उभी नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे कोणी कुठून कधी निघावं हे ठरवण्याचा मला रोगच जडलाय. पण जायचं ठरवलं ते तिनं.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला एका जागी उभी राहणारी सायकल चालवायला सांगितली. चार दिवस तिनं ती दवाखान्यात चालवली आणि पाचव्या दिवशी उतरली. म्हणाली, "हाई कशी सायकल? इतली चालाडी, तरी समोर दवाखानानी भीत तीच!" आठवडाभरात घरात खरी सायकल आली. शाळेत असताना ती चालवायची, तेवढ्या भांडवलावर तिनं आधी गल्लीत, मग कॉलनीत, मग गावाबाहेर मजल मारली. मी तिच्या सोबतीला म्हणून माझी जुनी सायकल काढली आणि पहिल्याच आठवड्यात माझीच मांडी भरून आली.

दिवाळीत मुलगा सुरतेहून आला. पोरगा गुणाचा आहे, पण काळजी करण्यात माझ्यावर गेलाय. म्हणाला, आईला आता इथं एकटीला घरकाम झेपत नाही, घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे या. चौथा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं आहे. ती भांडली नाही. भांडी आवरता आवरता म्हणाली, "मी मन्हा पायवर, सायकल चालाडीसन प्रकाशाले जासू. कोन्हीच गाडीमा बसावू नही. पोचनू, ते सुरतनी गोठ बंद. नही पोचनू, ते तू म्हनशी तवय पिशव्या भरसू." मुलानं हसत हात पुढे केला आणि तिनं ओल्या हातानं त्यावर टाळी दिली. मला कोणी काही विचारलं नाही. मला काय हवं होतं? मला सुरतेच्या चौथ्या मजल्यावर मरायचं नव्हतं, आणि बायको रस्त्यात पडायलाही नको होती. दोन्ही खरं.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. तिनं नऊवारीचा हट्ट कधीच सोडला होता. पंजाबी ड्रेस, वरून माझं स्वेटर, कानाला मफलर. गाव सुटलं, फाट्यावरून आतल्या रस्त्याला लागलो आणि एकदम आवाजच संपला. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला पपई, मागे उत्तरेला सातपुडा धुरकट निळा, आणि रस्त्यावर आम्ही दोघं. कपाशीची शेवटची वेचणी चालू होती. आपल्या साखळीचा आवाज आपल्यालाच ऐकू येतोय, याचं मला इतकं नवल वाटलं की मी दोनदा थांबून चाक तपासलं.

रस्ता मोकळा होता, पण माणसं मोकळी सोडत नव्हती. आमच्याकडे सायकलवर गडी दिसला तर तो दूध घालायला निघालाय किंवा शेतातली मोटर बघायला. साठीची दोन माणसं हौसेनं सायकल चालवतात, हे कोणाच्या डोक्यात शिरत नाही. पहिला पिकअपवाला करकचून थांबला. "काय व्हयनं दादा? पंचर व्हयनी का?" नाही म्हटलं. "मंग बठा ना! मागे जागा शे." नको म्हटलं तर त्याचं तोंड उतरलं. मग एक ट्रॅक्टरवाला. मग एक दूधवाला, जो स्वतःच मोटारसायकलवर चार कॅन घेऊन चालला होता आणि तरी "ताईले बसाडी लेस" म्हणत होता. ती प्रत्येकाला हात जोडायची आणि पायडल मारायची.

पण खरी गंमत केली एका म्हातारीनं. पपईच्या बांधावर बसून ती कांदा-भाकर खात होती. बायको पुढे, मी बराच मागे, धापा टाकत. म्हातारीनं बायकोला थांबवलं आणि विचारलं, "भांडीसन माहेर चालनी का वं बाई?" बायको जात्याच बेरकी. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "हां ना, मावशी." मी पोचेपर्यंत माझा निकाल लागला होता. म्हातारीनं मला उभा-आडवा झापला. या वयात बाईला असं रस्त्यावर काढतात का, लाज नाही का, हात जोड आणि समजावून घरी ने. मी हात जोडले. बायको पुढे गेली आणि हसू आवरेना म्हणून तिला सायकलवरून उतरावं लागलं. इतकी हसताना तिला मी वर्षभरात पाहिलं नव्हतं.

सारंगखेड्याला दुपारी पोचलो. घोडेबाजार उठून गेला होता. यात्रेच्या मैदानावर नुसते खुंट्यांचे खड्डे, वाळलेली लीद आणि एका तुटलेल्या पाळण्याचा सांगाडा. यात्रेच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, आम्ही मात्र त्या मैदानाला सायकलींवरून दोन चकरा मारल्या. नंतर दत्ताचं दर्शन घेतलं, जुन्या वस्तीतल्या गल्ल्या पाहिल्या. संध्याकाळी धर्मशाळेत तिनं गुडघा उघडून पाहिला. थोडा सुजला होता. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "एक शबद बोलू नका." पण ती तेल चोळत असताना मी बाहेर जाऊन एक फोन केला.

फोन केला तो माझ्या एका जुन्या मित्राला. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांपैकी हा एक, केळी-उसाचा बागायतदार, माणूस सोन्यासारखा. त्याचं गाव आमच्या दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर होतं. त्याला मी म्हटलं, उद्या जेवायला येतोय, पण बायकोचा गुडघा सुजलाय, जरा सांभाळून घे. पैजेबद्दल त्याला एक अक्षर सांगितलं नाही. तिथेच चुकलो.

दुसरा दिवस पहिल्याहून छान उजाडला. उजव्या हाताला ऊस, डाव्या हाताला अधूनमधून तापी, रुंद, भरलेली आणि बिनघाईची. एका ठिकाणी वाटेवर टिटव्यांची जोडी ठाण मांडून बसली होती, तर आम्ही सायकली हातात धरून बाजूनं गेलो. गुडघा काय म्हणतो हे मी विचारत नव्हतो आणि ती सांगत नव्हती. दुपारी मित्राच्या ओट्यावर पोचलो, तेव्हा प्रकाशा आठ-नऊ किलोमीटर राहिलं होतं.

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत, दह्यातली मिरची. मी किती भाकरी खाल्ल्या हे विचारू नका. हात धुऊन बाहेर आलो तर ओट्याला लावलेल्या सायकली नाहीत. मित्र हसत होता, जावयाला अंगठी घालावी तसा. म्हणाला, "काही काळजी नको दादा. दोन्ही सायकली पिकअपमा प्रकाशाले धाडी दिन्ह्यात. घाटजवळ मन्हा साडूनं दुकान शे, तथं उतारी देतीन. गाडी परत ई, तीमा तुम्ही आरामशीर बठा."

या गावांची ही रीतच आहे. पाहुणा निघाला की त्याचं ओझं त्याच्या हाती देत नाहीत, घरचं माणूस ते पुढच्या गावापर्यंत पोचवतं. पिशवी असो, धान्याचं पोतं असो, नाहीतर सायकल. माझ्या मित्रानं माझ्या शब्दाखातर रीत पाळली होती. त्याला मी कोणत्या तोंडानं बोलणार होतो?

बायको माझ्याकडे वळली. "तुम्ही फोन करेल व्हता ना?"

मी म्हणालो, "हो."

ती ओट्याच्या कडेवर बसली आणि दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवून समोर पाहत राहिली. मी मित्राला पैजेची सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि गाडीला परत फिरवायला फोन लावू लागला. तिकडून कोणी उचलेना.

मार्ग काढला मित्राच्या सुनेनं. ती शेजारच्या पाड्यावर अंगणवाडीत शिकवते, रोज सायकलनं जाते. ती आतून आपली सायकल घेऊन आली, बायकोच्या कमरेकडे पाहून तिनं सीट थोडी खाली केली, फडक्यानं पुसली आणि म्हणाली, "बठी दखा, मावशी." बायकोनं बसून पाहिलं. पाय टेकत होते. मी म्हणालो, थांब, गावात आणखी एक सायकल मिळेल, मी शोधून आणतो.

"नको," ती म्हणाली. "मी एकलीच जास. तुम्ही अथं बठा. मन्हा फोन ई, मंगच उठा. आन् मांगे गाडी धाडू नका."

आणि निघाली. लग्न झालं त्या दिवसापासून ती माझ्या मोटारसायकलवर मागे बसत आली. तिनं आयुष्यभर माझी पाठ पाहिली. तिची पाठ अशी, मला जागेवर ठेवून, दूर जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. उजवा पाय दाबताना ती किंचित कलत होती, पण सायकल सरळ होती. केळीच्या मळ्याशी रस्ता वळला आणि ती दिसेनाशी झाली.

मी बसलो. स्टँडवर मी हजारो गाड्या सोडल्या आणि एकीचीही अशी वाट पाहिली नाही. मित्रानं चहा आणला, तो थंड झाला. पाऊण तास झाला. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. पिकअप परत आली, तिचा ड्रायव्हर म्हणाला, वाटेत एक मावशी दिसल्या, मी हात केला तर त्यांनी थांबायच्या ऐवजी घंटी वाजवली. हे ऐकून मित्र मोठ्यानं हसला. मला हसू येईना.

मग फोन वाजला. मागे देवळाची घंटा, कावळे, कोणीतरी कपडे आपटत होतं.

"पोचनू मी. घाटवर बसेल शे."

मी म्हणालो, "गुडघा?"

"दुखी ऱ्हायना. दुखू द्या. पोऱ्याले तुम्हीच सांगा. फोन कराले तुम्ही हुशार शेत. आन् घाई करू नका, माले जरासं नदी दखू द्या."

मी मुलाला फोन लावला. तो कामात होता. म्हटलं, तुझी आई प्रकाशाला पोचली, सुरतेचं आता काढायचं नाही.

तो घाबरलाच. "आणि तुम्ही? तुम्ही बरोबर नाही? एकटी गेली ती?"

"एकटी," मी म्हणालो. त्याला नीट ऐकू आलं नसेल म्हणून, आणि मलाच पुन्हा म्हणावंसं वाटलं म्हणून, मी आणखी एकदा मोठ्यानं सांगितलं, "हो रे, एकटी."