गाडगे सरांचे वाटाणे

गाडगे सरांच्या टेबलावर छडी कधीच नव्हती. वाटाण्याच्या शेंगांची पिशवी असायची. वाटाणा संपला की लसूण, नाहीतर घेवडा. गेल्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ते आमच्या इंग्रजी शाळेचे सुपरवायझर होते. भांडण झालं की दोघांना समोरासमोर बसवायचे आणि सोलायला लावायचे. "हात कामाला लागलं की तोंड थंड व्हतं," म्हणायचे. सरांच्या घरची भाजी आमच्या गुन्ह्यांवर चालते, असा शाळेत पक्का समज होता.

निलंबन त्यांना पटायचंच नाही. "आठ दिस घरी धाडलं की पोरगं बैलगाड्याची शर्यत बघाया घाटात. ही शिक्षा का जत्रंची सुट्टी?"

माझं तसं नव्हतं. शाळेतून एकदा जरी घरी पाठवलं तर पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही, अशी पप्पांची तंबी होती. आणि नववीत माझी वही सापडली. वर्गात तोंड न उघडणारी मी वहीत सगळ्या शिक्षकांना नावं ठेवत होते. गणिताच्या शिंदे मिस 'कुकर' होत्या. तक्रार त्यांनीच केली. प्रिन्सिपलनी निलंबनाच्या पत्रावर सही केली आणि पप्पांना आमच्या गावाहून, बोरीहून बोलावलं.

"पावणं येईस्तोवर सोला," सरांनी मिसना आणि मला बसवलं.

अर्धी पिशवी झाल्यावर मिसना राहवेना. "कुकरच का गं?"

"तिसऱ्या चुकीला... तुमची शिट्टी होते."

मिसनी हसू दाबायला मूठभर वाटाणे तोंडात कोंबले.

"मिस, भाजीला ऱ्हाऊ द्या!" सर ओरडले.

मग मात्र मिसना हसू आवरेना. तक्रार त्यांनी तिथंच मागे घेतली. सर प्रिन्सिपलशी बोलून निलंबन रद्द करून आले, तोवर पप्पा दारात. सरांनी टरफलं त्याच पत्रात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. "शेळीला घाला, राव. बाकी पोरगी सांगंल."

आणि मला हळूच म्हणाले, "तुझं तूच सांग. कागद लई वाढवून सांगतो."

बोरीपर्यंत गाडीवर मी ते पुडकंच सांभाळत बसले. शेळीने आधी टरफलं खाल्ली, मग पत्र. ती सहीपर्यंत पोचली तेव्हा पप्पांनी विचारलं, "कसला कागद व्हता गं?"

मी सगळं सांगितलं, एका दमात. पप्पांनी शेळीच्या तोंडाला चिकटलेला कपटा काढला.

"आन् माझं काय नाव ठेवलंस?"