तळहातावरचं जातं

टिचभरमामा सदऱ्याच्या खिशात ज्वारीचे दाणे घेऊन हिंडायचे. तळहातावर मावेल एवढं दगडी जातं गिऱ्हाइकाला देण्याआधी ते त्यात दोन-चार दाणे टाकायचे, काडीएवढा खुंटा बोटांत धरून फिरवायचे आणि कडेनं पीठ पडलं की फुंकर मारून जातं पुढे करायचे. गिऱ्हाईक तोवर वैतागलेलं असायचं. "मामा, दळायचंय कुणाला? रुखवतात मांडायचंय."

"मंग फोटू मांडा की," मामा म्हणायचे.

ते दिंद्रुडचे पाथरवट; टिचभर वस्तू घडवायचे, म्हणून ते नाव. आमचं वडवणीत भांड्यांचं दुकान, त्यात रुखवताचं सामानही असायचं. मामांची जाती, पाटे-वरवंटे, उखळं आम्हीच विकायचो. बाजाराच्या दिवशी ते एसटीनं यायचे, माल गल्ल्याजवळ ठेवायचे आणि पायरीवर बसून राहायचे. लहानपणी बापानं फेकलेल्या कपचीतून त्यांनी पहिलं जातं केलं, आणि सत्तरीपर्यंत असल्या बारक्या वस्तूंखेरीज दुसरं काही केलं नाही. मोठं का करत नाही विचारलं तर म्हणायचे, "त्यात काय हाय? दगड भरपूर, जागा भरपूर. चुकलं तरी खपतंय."

मला कलेतलं फारसं कळत नाही. माल खपतो की पडून राहतो, एवढं बघते. मामांचा माल आधी खपायचा, मग पडून राहायला लागला. गावात केबल आली, लग्नात मिक्सर आणि रंगीत टीव्ही द्यायची चढाओढ लागली, रुखवतात थर्माकोलची देवळं आणि सेलवर नाचणाऱ्या बाहुल्या आल्या. एका मुलीच्या आईनं तर दगडाचा मिक्सर मागितला.

"करतो की," मामा म्हणाले, "बटन दाबलं की तुमी हातानं फिरवा, म्हंजे झालं."

बाई निघून गेली. मी चिडले. "मामा, दोन शब्द गोड बोलता येत नाहीत का?"

"न्हाई येत, आक्का. चालत न्हाई ती वस्तू मला करता येत न्हाई."

त्यांचा मुलगा खडी क्रशरवर कामाला होता. "त्यो बी मोठ्याचं बारीक करतो, मी बी," ते सांगायचे. "पगार त्याला हाय."

त्यांचं खरं दुखणं मला उशिरा कळलं. एकदा एसटीची वेळ झाली तरी ते पायरीवरून उठले नाहीत. थकलात का, विचारलं.

"थकलो न्हाई, कटाळलो. माजा बाप दारोदार जात्यांना टाकी लावत, खाचा पाडत हिंडायचा. जातं गुळगुळीत झालं, दळंना, की बाया त्याची वाट बघायच्या. माज्या हातचं येक बी आजवर दुरुस्तीला आलं न्हाई, आक्का. कुनी दळलंच न्हाई त्यात."

मी चहा सांगितला.

त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांना गोळी गिळता येईना. लाटण्यानं चुरली की निम्मी कागदाला चिकटायची, निम्मी उडायची. शेवटी दुकानात पडून असलेलं एक जातं उचललं, धुतलं आणि त्यात गोळी टाकली. छान भुकटी झाली. मग रोजच दळू लागले. सोय झाली, इतकंच. मामांना सांगायचं सुचलंही नाही. पुढे कधीतरी भुकटीत कण राहायला लागले, सासूबाईंना ठसका लागायला लागला. बाजाराच्या दिवशी मी जातं घेऊन पायरीशी गेले.

"मामा, हे नीट दळत नाही हो."

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग वरचा दगड उचलून अंगठा फिरवला. "गुळगुळीत झालंय," हळू म्हणाले. "काय दळता?"

"सासूबाईंच्या गोळ्या."

"रोज?"

"रोज."

मामांनी चष्मा धोतराला पुसला, पिशवीतून बारीक छन्नी काढली आणि तिथंच टाकी लावायला बसले. चहा आला, निवून गेला. काम झाल्यावर खिशातले दाणे दळून पाहिले आणि माझ्यावर डाफरले, "इतकं झिजूस्तर कावून थांबलात? आदी आनायचं न्हाई व्हय? म्हातारीला किती तरास झाला आसंल."

एवढ्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले होते. एरवी न बोलता उठणारा माणूस त्या दिवशी शेजारच्या दुकानदारालाही सांगून गेला, आक्काचं जातं दुरुस्तीला आलतं म्हणून.

त्यानंतर आल्या आल्या ते आधी जातं मागून बघायचे. मग एका बाजाराला त्यांचा मुलगाच आला, मामा गेल्याचं सांगायला. पुढे सासूबाईही गेल्या. आता जातं फळीवर ठेवून द्यायला हरकत नव्हती. ठेवलं नाही, चहाची वेलची त्यात दळते. ते पुन्हा गुळगुळीत झालंय, सालं अख्खीच बाहेर पडतात, आणि टाकी लावायला कुणाकडे न्यावं ते मला माहीत नाही.