पाणंदीतला माणूस

अजिनाथ आबांच्या चहात साखर कमी पडली, तरी त्यात त्यांना कुणाचा तरी डाव दिसायचा. चौसाळ्याजवळच्या या गावात अठरा वर्षं पोलीस पाटीलकी केलेला माणूस. कुत्रं भुंकलं तरी ते कुणाच्या सांगण्यावरून भुंकतंय, असा प्रश्न पडणारा. "तुमाला देवाच्या परसादात बी काळंबेरं दिसतं," असं त्यांची बायको कौशल्याबाई म्हणायची. दिसायचंच. दहातल्या आठ वेळा काही निघायचं नाही, पण उरलेल्या दोन वेळांवर आबांची गावातली सगळी पत उभी होती.

माघात एका सकाळी व्याह्यांचा, अंगदरावांचा फोन आला. "पाव्हणं, तुमच्या गावातून कुणीतरी मोबाइलवर आमची बदनामी चालवलीय. गुरुवारी नायब तहसीलदार यायचेत. त्याच्या आत हुडका."

अंगदराव शेजारच्या गावचे, पण रान घेतलं होतं या शिवारात. रानाच्या कडेनं एक पाणंद गायरानातल्या तळ्याकडं जायची. गेल्या उन्हाळ्यात अंगदरावांनी जेसीबी लावून ती रानात मिळवली आणि काटेरी तार ओढली. म्हाळूची दीडशे मेंढरं पिढ्यान् पिढ्या त्याच वाटेनं पाण्याला जात. आता ती हायवेनं फेरा घालत होती, आणि दोन महिन्यांत तीन गाभण मेंढ्या ट्रकखाली गेल्या होत्या. म्हाळूनं अर्ज केला, पंचनामा झाला. 'सदर ठिकाणी पाणंद वहिवाटीत नव्हती' या वाक्याखाली पहिली सही आबांची होती. आबांची एकुलती लेक करिष्मा अंगदरावांच्या घरात दिलेली. सही करताना आबांनी पेनाकडं बघितलं होतं, तारेकडं नाही. म्हाळू गप्प बसला नाही, म्हणून गुरुवारी दुसरी पाहणी होती.

आबा आधी चौसाळ्याला शहादेवच्या मोबाइलच्या दुकानात गेले. असल्या उचापती तिथूनच निघणार याची त्यांना खात्री होती.

"खरं सांग बे, तूच केलंस ना हे?"

"मी कावून करीन, आबा? मला डिस्प्ले बदलता येतो, गाव बनवता येत न्हाई." शहादेवनं फोन पुढं धरला. "हा ट्रॅक्टरचा गेम. कंपनीनं दिलेल्या गेमात आपली गाडी, आपला रस्ता घालता येतो. त्याला मॉड म्हणतेत. कुणी झगमग लाइटा लावतं, कुणी टेप लावतं. ह्या पठ्ठ्यानं अख्खं तुमचं गाव आणलंय. लई लोक खेळायलेत."

पडद्यावर नाव आलं: 'अडलेली पाणंद'. पिंपळाचा पार, शाळा, पाण्याची टाकी, आणि गावाबाहेर ती पाणंद, दोन्ही बाजूंना बाभळी. तारेपाशी मोठी पाटी होती: 'येथे पाणंद नाही.' पाटीपासून हातभर अंतरावर दगडी डोणी, मेंढरं पाणी प्यायची ती. ती डोणी जेसीबीनं मातीखाली गाडली होती आणि आबा ती विसरूनही गेले होते.

"तारेपलीकडं काय हाय?"

"तिथं सगळ्यांचाच गेम बंद पडतो. कावून पडतो, ते तुमीच बघा." शहादेव हसल्यासारखा वाटला. आबांनी ते मनात टिपून ठेवलं आणि फाइल आपल्या फोनात घालून घेतली.

वाटेत त्यांनी निम्मं गाव संशयितांच्या यादीवर चढवलं. पराभूत सरपंच झाला, शाळेतला नवा मास्तर झाला, पीठगिरणीवाला झाला, कारण तो परवा आबांना बघून जरा जास्तच वाकला होता. घरी आल्यावर त्यांनी कौशल्याबाईला गाव दाखवलं. ती आधी हरखली, मग एकदम गंभीर झाली.

"अवं, ही आपली न्हाणी. पाइपाला मी बांधलेली चिंधी बी काढलीय! आन् पुढचं दार बघा, नुसतं निळं फासलंय. आपलं दार हिरवं हाय. हे मेलं कोण आपल्या घराला मागून बघतंय?"

आबांनी एकेक घर तपासलं. सगळ्यांचं तसंच. पुढच्या बाजू ठोकळेबाज, दारं भलत्याच रंगांची. मागच्या बाजू मात्र बारीकसारीक खुणांसकट, कुणाचा ढासळलेला कुड, कुणाचा उकिरडा. गाव पाठमोरं ओळखणारा माणूस कोण? आबा उठून परसात गेले. कुडाच्या मागच्या पायवाटेवर मेंढरांच्या वाळक्या लेंड्या पसरल्या होत्या. कळप काही गावाच्या गल्ल्यांतून जात नाही, गावाच्या पाठीमागून जातो.

काखेत कळसा नि गावाला वळसा, असं म्हणत आबांनी चप्पल घातली.

म्हाळूचं घर गावकुसाबाहेर. अंगणात म्हाळूची बायको चतुराबाई लोकर पिंजत बसली होती. पाटील दिसताच तिचा हात थांबला. म्हाळूकडं बटणांचा फोन होता, त्याच्याच्यानं हे होणं नव्हतं. मुलगा माऊली मेंढरांमागं गेलेला. उरली सून, मोहिनी. बीडच्या आयटीआयला कॉम्प्युटर शिकून आलेली आणि इथं मेंढरांमागं चालणारी.

"हे तू केलंस?" आबांनी फोन दाखवला.

"व्हय," मोहिनी म्हणाली. कबुली इतक्या लवकर मिळाल्यावर आबांना त्यातही डाव दिसला.

"कोण हाय तुझ्या मागं? कुणी सांगितलं?"

"माझ्या मागं मेंढरं हायती, आबा. अर्जाचं उत्तर न्हाई, पंचनाम्यात आमची पाणंद न्हाई. मग म्हनलं, जिथं लोक बघतेत तिथं काढू. तुमी चालवलाव का?"

"न्हाई."

"मग चालवा की. गुन्हा लावायच्या आधी बघा तरी."

आबा ओट्यावर बसले. ट्रॅक्टर दोनदा पारावर चढला, एकदा टाकीला धडकला. चतुराबाईनं पदराआड हसू दाबलं. शेवटी ट्रॅक्टर पाणंदीला लागला आणि तारेवर गेला. आबा धडकेच्या तयारीत आखडून बसले. तार दोऱ्यासारखी तुटली, पाटी उडाली. पुढं वाटेच्या मधोमध एक माणूस उभा होता. पांढरी टोपी, काखेत वही, हातात पेन. डाव्या खांद्यात थोडा वाकलेला, आबा वाकतात तसाच. आबांना ब्रेक सापडेना. ट्रॅक्टर त्याला लागला आणि पडदा काळा झाला.

"तार तुटती, आबा," मोहिनी म्हणाली. "जेसीबीनं केलेलं जेसीबीनं निघतं. पर माणसाला धक्का लागला की गेम बंद. मीच तसं ठेवलंय."

आबांचे कान तापले. गावावर संशय घेण्यात अठरा वर्षं गेली आणि या पोरीनं चोर नेमका धरला होता. त्यांना तिचा राग आला, मग स्वतःची लाज वाटली, आणि लाजच जास्त टिकली.

"त्याला जरा बाजूला सरकवता येईल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"येतंय की. पर आधी तुमी सरका. मग मी सरकवते."

गुरुवारी नायब तहसीलदार आले. अंगदराव आले, म्हाळू आला, चार बघे आले. साहेबांनी जुना पंचनामा वाचला आणि आबांकडं बघितलं. अंगदरावांनी घसा खाकरला. आबांच्या डोळ्यांपुढं करिष्माचा चेहरा आला.

"साहेब, मी खोटी सही केली," ते म्हणाले. "पाणंद होती. इथं खोदा, जनावरांची डोणी निघंल."

हातभर खोदल्यावर खोरं दगडावर वाजलं. अंगदराव गाडीत जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात तार निघाली. आबांना खोट्या सहीबद्दल नोटीस आली, आणि करिष्माचा रविवारचा फोन आला नाही. कौशल्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहात साखर जास्त होती.

मग फोनात मोहिनीनं पाठवलेली नवी फाइल आली. आबांनी एकट्यानं परसात बसून ट्रॅक्टर पाणंदीपर्यंत नेला. तार नव्हती, पाटी नव्हती. टोपीवाला माणूस डोणीशेजारी बाजूला उभा होता, पण तोंड वाटेकडंच, वही उघडी, पेन तयार. मोहिनीनं त्याला पुसलं नव्हतं. पुन्हा आडवा यायला त्याला एकच पाऊल लागलं असतं.

पोरीचा अजून त्यांच्यावर भरवसा नव्हता. आबांचा तरी स्वतःवर कुठं होता? त्यांनी ट्रॅक्टर अगदी हळू, त्या माणसावर नजर ठेवून पलीकडं काढला.