डाव्या हाताचे ब्रश

दुपारी कपडे वाळत घालत होते, तेव्हा दादाचा फोन आला. "तुझी वैनी गेली गं... बसल्या जागंवर," एवढंच तो म्हणाला. काही आठवडे उलटले, पण वहिनीबद्दल 'होती' असं म्हणताना अजून जीभ अडखळते.

वहिनी आजऱ्याची. लग्न होऊन कोल्हापुरात आली आणि लग्नाचे पाट, चौरंग, बारशाचे पाळणे रंगवून देऊ लागली. तिच्याबरोबर ब्रश आणायला जायचं म्हणजे अर्धी दुपार गेलीच. दुकानदाराकडून वाटीभर पाणी मागून घ्यायची, एकेक ब्रश बुडवून झटकायची आणि त्याचं टोक उजेडात धरायची. "कोरडा ब्रश सगळाच चांगला दिसतोय, वन्सं. वला केल्यावर केस फाकलं की कळतंय." तिचा जीव बारीक ब्रशांवर. मोराच्या पिसाऱ्यातली केसाएवढी रेघ एका दमात ओढायची, तेव्हा बघणाराही श्वास धरायचा. रुंद, चपटे ब्रश मात्र "गेट रंगवायचं हाय काय?" म्हणून बाजूला सारायची.

मग तिला अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलं, काठी धरून चालायलाही लागली. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. तिनं रंगांचं नावच सोडलं. त्यातच लेकीचं, प्रियाचं, लग्न ठरलं. पाट तयारच आणू, असं दादा म्हणाला. दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाली, "चला, दुकानात जाऊया."

दुकानात तिनं नेहमीचा बारीक ब्रश डाव्या हातात धरला. कागदावरची रेघ थरथरत भलतीकडंच गेली. दुसरा घेतला, तिसरा घेतला... तेच. डोळे भरून आले तसं तिनं तोंड फिरवलं. मी "जाऊया घरी" म्हणणार, तोच तिनं स्वतःहून चपट्या ब्रशांकडं बोट केलं. त्यातला एक रंगात बुडवून कागदावर टेकवला, दाबला, उचलला. जाड, भरदार पाकळी उमटली. तिनं आणखी एक काढली. "ह्याला रेघ वडाय लागत न्हाय," ती हळूच म्हणाली. "टेकवायचं आन् उचलायचं."

प्रियाच्या पाटावर मोठाली कमळं आली. पाकळ्या लहानमोठ्या, एक तर कडेच्या पट्टीवरच गेलेली. मांडवात एका पाहुणीनं विचारलंच, "मोर न्हाय व्हय ह्या वेळी?"

"उडाला की!" वहिनी म्हणाली. आजारपणानंतर तिला मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. प्रिया मात्र पाटासमोर नुसती उभी. आईच्या कामावर बसायला तिला धजवेना. "बस की," वहिनीनं तिला डाव्या हातानं खाली ओढलं, "बसायलाच केलाय."

त्यानंतर ती डाव्या हातानंच रंगवत राहिली. कमळांसाठीही लोक येऊ लागले.

गेल्या आठवड्यात दादाकडं गेले होते. खिडकीत तिचे ब्रश धुऊन, पुसून ठेवलेले. एकाच्या केसांत मात्र हिरवा रंग वाळून दगड झालेला. "पान काढत हुती," दादा म्हणाला. "मी च्या टाकाय आत गेलतो..."

"भिजत घालू का? सुटंल कदाचित," मी ब्रश उचलत म्हटलं.

दादानं तो माझ्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा खिडकीत ठेवला. "सुटाय नको हाय," तो म्हणाला.