न धुतलेला फवारणीचा पंप

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, मी सगळं सांगतो — आणि बाकीचं सगळं सांगतोच. हे तेवढं राहिलं. आता तुम्हाला सांगतो आहे, तर आत काही हलत नाही. हलायला हवं ना?

झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, मी शिक्षक होतो. शाळेमागे हापशी, आणि हापशीच्या सांडपाण्यावर मुलांची परसबाग. वर्गात एक ते वीस म्हणताना पेंगणारी पोरं वांग्याची पानं मोजता मोजता विसाच्या पुढे कधी गेली, मलाही कळलं नाही. ललिता, दुसरीतली, वर्गात बोलतच नसे. घरी कोलामी, शाळेत मराठी — ती आपली गप्प बसून राहायची. तिचं पहिलं मराठी वाक्य मी बागेत ऐकलं. माझी बाही ओढून म्हणाली, "सर, टमाट्याले फूल आलं." त्या दिवसापासून पाणी घालायचं काम तिचं. मग तोंडही सुरू झालं, इतकं की कधीकधी मीच तिला गप्प बस म्हणायचो.

पुढे झाडांवर मावा पडला. मुलांनी निंबोळ्या गोळा केल्या, आम्ही त्या कुटून अर्क केला. फवारायला पंप आणला शेजारच्या कपाशीवाल्याकडून. आदल्याच दिवशी त्यानं त्यातून तणनाशक मारलं होतं, आणि साबण लावून नीट धुऊन घ्या असं बजावलंही होतं. इकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. साहेब बाग बघायला येणार म्हणून घाई होती — की आळस होता? आळसच होता. तांब्याभर पाणी आत फिरवलं, ओतलं, अर्क भरला आणि फवारून टाकलं.

आठवड्यात पानं मुडपली, शेंडे पिळवटले, मग सगळीच झाडं माना टाकून बसली. मुलं रोज वाफ्याभोवती उभी राहून विचारायची, कशानं झालं सर. पालकही डोकावू लागले. शेतात राबणारी माणसं ती — पंपाचं नाव काढलं असतं तर त्यांना लगेच उमगलं असतं. आणि ती हसली असती. मला त्या हसण्याची भीती वाटली. एवढंच. माझी नोकरी जाणार नव्हती, काहीच होणार नव्हतं.

ललिता खिचडीची भांडी विसळलेलं पाणीही बागेत नेऊन ओतायची. पाणी वाया घालवू नये, हे मीच शिकवलेलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ललितानं साबणाचं पाणी टाकलं."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, हो सर. साबणाचं पाणी टाकलं नव्हतंच, तर हो का म्हणाली? सरांना सगळं माहीत असतं, असं तिला वाटत असणार. मला सुटल्यासारखं वाटलं. बरं वाटलं — हे तरी कशाला लपवू?

पोरं तिला बादलीला शिवू देईनात. ती पुन्हा गप्प झाली. पुढच्या वर्षी बाग लावली तेव्हा पायरीवर बसून नुसती बघायची. मी बोलावलं का? नाही. मग माझी बदली झाली.

गेल्या वर्षी मुकुटबनच्या बाजारात तिची आई भेटली. ओळखलं, पाया पडायला वाकली. ललिताची शाळा सुटली, आता आईसोबत मजुरीला जाते. निंदण करते, कापूस वेचते. फक्त सरकी टोबायच्या, कपाशीचं बी लावायच्या दिवसांत तिला घरी ठेवतात. का, म्हणून मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तिच्या हातचं जगत नाही ना, सर," आई म्हणाली. "तुमीच तं ओळखलं होतं. बरं झालं, लहानपणीच समजलं. आता ते सोताच बियाले हात लावत नाही."

तिच्या आवाजात माझ्याविषयी आदर होता. मी मान हलवली. पोरीची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं, आणि पिशवी उचलून बस स्टँडकडे गेलो. पंपाचं तिला सांगितलं नाही.